उष्टं ऊन

तीन वाजून दहा मिनिटांनी ऊन पहिल्या दारात आलं, तेव्हाच त्याचा वरचा कोपरा गायब होता.

एर्सिलियानं फेर्मोची चाकाची खुर्ची तिसऱ्या दारासमोर, म्हणजे आपल्याच दारासमोर, कधीची लावून ठेवली होती. गुडघ्यांवर ब्लँकेट, टोपी मागे सरकवलेली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा नवरा दिवसातून एवढ्या एकाच गोष्टीची वाट बघायचा. जेवण, गोळ्या, टीव्ही हे सगळं तो नुसतं सोसायचा.

ऊन तसं खरं नव्हतं. दक्षिणेला पहिला टॉवर उभा राहिला त्या वर्षीच खरं ऊन मिलानच्या या चाळीला सोडून गेलं. हे समोरच्या काचेच्या टॉवरवर आपटून परत यायचं आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सहा दारांवरून सरकत जायचं. दाराला सात मिनिटं. शेवटच्या दारातला ओरेस्ते त्याला उष्टं ऊन म्हणायचा. पण उष्टं म्हणून कुणी टाकलं नव्हतं. ज्याच्या दारात ऊन, त्याचे मोजे दोरीवर, त्याच्या कुंड्या कठड्यापाशी. दुसऱ्याच्या सात मिनिटांत पाय घालायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच पाळला जायचा.

टॉवरवर दोन माणसं दोरांना लटकून काम करत होती. सकाळपासून ती वरून खाली येत होती. त्यांनी झळ अडवणारी फिल्म चिकटवलेली काच राखाडी व्हायची, शिळ्या माशाच्या डोळ्यासारखी.

"किती मजले झाले, सिन्योरा?" ओरेस्तेनं विचारलं. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस. निवृत्त झाला तरी वेळापत्रक सुटलं नव्हतं.

"मी मोजत नाही."

"तुम्ही? जुलैत तर करपलेली रोपंसुद्धा मोजली होतीत. अकरा. वितळलेली बादली वेगळी."

जुलैत एर्सिलियाच जिने चढून-उतरून दारोदार फिरली होती. समोरच्या काचांच्या झळीनं जगणं अशक्य झालं आहे, काही इलाज करा, असा अर्ज. बावीस सह्या. शेवटची फेर्मोची, डाव्या हातानं. कागद तिनं घट्ट धरला होता, तरी सही उताराला लागलेली.

"नऊ वर्षं छप्पर गळतंय," दुसऱ्या दारातली नोरीना मोजे उलटे करत म्हणाली. "त्याचं कुणी ऐकलं नाही. हे मात्र ऐकलं."

"ऐकलं म्हणजे?" ओरेस्ते म्हणाला. "पत्र आलंय. 'आपल्या तक्रारीबद्दल आभारी आहोत.' फ्रेम करून लावा, सिन्योरा."

पत्र एप्रनच्या खिशातच होतं. सकाळी तिनं त्यावरच्या नंबरावर फोन केला होता. फोनवरची मुलगी गोड बोलली. तक्रार मागे घेता येते, त्याच बावीस जणांच्या सह्या लागतील. त्यातले दोघं जानेवारीत वारले, असं एर्सिलियानं सांगितल्यावर ती खरंच हळहळली. मग धीर द्यायला म्हणाली, "पण फिल्म उत्तम आहे हं, सिन्योरा. वीस वर्षांची हमी आहे."

ऊन तिसऱ्या दारात आलं ते फेर्मोच्या गुडघ्यांपुरतं. त्यानं मान वाकवली, आणखी वाकवली. तोंड पोचेना. एर्सिलियानं खुर्ची मागून उचलून कलती केली आणि तशीच धरून ठेवली. कपाळावर ऊन आलं. त्यानं डोळे मिटले. सातातली तीनच मिनिटं झाली होती आणि ऊन पुढे सरकलं. कडेच्या काचाही झाकल्या जात होत्या.

"अजून," फेर्मो म्हणाला. त्याच्याकडे उरलेल्या शब्दांतला हा एक.

चौथ्या दारातल्या बाईनं आपली चादर दोरीवरून ओढून घेतली. पाचव्या दारातल्या कुंड्या भिंतीला गेल्या. एर्सिलिया कुणाकडे न बघता खुर्ची ढकलत राहिली. मागून नोरीना आली, ब्लँकेटची लोंबणारी कड उचलून धरायला. ओरेस्ते आपली खुर्ची काखेत मारून बाजूला झाला.

"या, या. माझी गाडी तशीही उशिरा सुटते."

सहाव्या दारात ऊन हाताच्या पंज्याएवढं उरलं होतं. ते फेर्मोच्या गालावर नीट बसलं. सगळे दम रोखून उभे होते, ओरेस्तेसुद्धा. मग ते कानावर गेलं, टोपीवर गेलं, आणि गॅलरीबाहेर पडून शेजारच्या कोऱ्या भिंतीवर जाऊन थांबलं.

"पुढे," फेर्मो म्हणाला.

"पुढे कठडा आहे रे."

"पुढे." त्यानं डावा हात उचलून दाखवलं.

तिनं खुर्ची ढकलली. पाय ठेवायची पट्टी लोखंडावर आपटली. तिनं पुन्हा ढकलली. भिंतीवरचं ऊन आता रेघेएवढं झालं होतं. फेर्मोचा हात तसाच वर होता.

समोर दोराला लटकलेल्या माणसानं मान वळवली. गॅलरीच्या टोकाला दाटीनं उभी राहिलेली म्हातारी मंडळी, आणि त्यांच्यात एक हात वर केलेला. त्यानंही हसून हात केला, आणि पुढची काच घेतली.