डावं मडगार्ड

"डावी बाजू राहू दे नथ्थूभैया. ती चांगली आहे ना," बापू म्हणाले.

नथ्थू पेंटरने डोकंही वर केलं नाही. ओल्या पॉलिश पेपरने तो उजवं दार घासत होता. "असं कसं बापूजी? श्रीरंगभैयानं सारा रंग काढाले सांगितला. एक बाजू जुनी ठेवली तं लोक मले हसतीन."

रिछाईच्या कारखान्यांच्या भागातल्या त्या शेडमध्ये बापूंची जुनी गाडी उभी होती. दोन दारांची, फायबर बॉडीची. घेतली तेव्हा सबंध फॅक्टरी कॉलनीने टर उडवली होती. उन्हात ठेवू नका, वितळेल म्हणायचे लोक. आता मुलाला, श्रीरंगला, तिची हौस आली होती. बापूंना न विचारताच त्याने गाडी रंगवायला टाकली.

"इतका वेळ काहून लागून राहिला?" बापूंनी विचारलं.

"रंग काढाचं औषध लावलं तं ते फायबरच खाऊन टाकते. हातानंच घासा लागते." नथ्थूने दारावर पाणी मारलं. "पत्र्याचं बरं असते, ठोकला का सरळ झाला. फायबर एकदा फुटलं का त्याले ठिगळच. वरून कितीही रंग मारा, खाली ठिगळ जन्मभर राहते. आतून हात फिरवला तरी समजते."

बापूंनी डाव्या मडगार्डकडे पाहिलं. "डावीकडे कधी पोचशील?"

"परवा दुपारपर्यंत होऊन जाईन."

परवा म्हणजे शनिवार. बापू घरी आले ते जीव मुठीत धरूनच.

शहाऐंशीच्या जानेवारीत, बावीस वर्षांपूर्वी, ते याच गाडीने बरगी धरणावरून परतत होते. संध्याकाळ होती आणि धुकं दाट पडलेलं. शेजारी फॅक्टरीत त्यांच्याच सेक्शनचे मुरलीधर बसले होते. अचानक डाव्या बाजूला धाडकन काहीतरी आदळलं. बापूंचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मुरलीधरच खाली उतरले आणि लगेच परत आले.

"माणूस होता बापू. गेला. मडगार्ड फुटलं. चल, इथं थांबू नको."

घराजवळ येताच, बापू डावी बाजू बघायच्या आतच, मुरलीधरांनी किल्ली मागून घेतली. आठ दिवसांनी गाडी परत आली तेव्हा डावी बाजू नव्या रंगात चमकत होती. "ठिगळ मारून घेतलं. आता तू विसर, मीही विसरतो," ते म्हणाले.

मुरलीधरांनी त्यानंतर कधी धमकी दिली नाही. ते फक्त मागत, आणि तेही हसून. आधी त्यांनी बापूंना बढतीतून माघार घ्यायला लावली. मग आपल्या मुलासाठी, श्यामसुंदरसाठी, बापूंची मुलगी सुनेत्रा मागितली. श्यामसुंदरची दारू आणि त्याचा सतत उठणारा हात, दोन्ही कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. सुनेत्राच्या आईने तीन दिवस अन्न सोडलं, तरी बापूंनी शब्द दिला. खाई त्याला खवखवे, ते नाही कशाच्या जोरावर म्हणणार?

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. या सोमवारी सुनेत्रा बॅग घेऊन माहेरी आली. दंडावर निळा वळ होता. "बाबा, मी आता वापस नाही जाणार."

"नको जाऊ," बापू म्हणाले. म्हणताना त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

आज गुरुवारी, ते रिछाईहून परतले तेव्हा मुरलीधर ओसरीवर बसून चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला, आत कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"गाडी घासायला टाकली म्हणे."

"श्रीरंगनं टाकली. मला विचारलं नाही."

"आणून घे." पहिल्यांदाच मुरलीधर हसले नाहीत. "जुनं उकरून कोणाचं भलं झालं? आणि सूनबाईला शनिवारी सकाळी पोचवून दे. घरातलं घरात राहिलेलं बरं."

गाडी परत आण म्हटल्यावर श्रीरंग हसला. अर्धी घासून झाली, आता कशी आणू, म्हणाला. दोन रात्री बापूंचा डोळा लागला नाही. बेड्या दिसत होत्या, पण बेड्यांपेक्षा श्रीरंगचा चेहरा जास्त दिसत होता.

शनिवारी सकाळी त्यांनी सुनेत्राची बॅग स्वतः उचलली.

"चल बेटा."

ती भांडली नाही. ऑटोत ती बापूंकडे एकटक बघत होती. "तुम्ही इतकं काहून भिऊन राहिले बाबा? मार तर मी खाते."

कमानिया गेटजवळच्या गल्लीत मुरलीधरांचं घर होतं. दार श्यामसुंदरने उघडलं. त्याने बापूंच्या हातातली बॅग घेतली, सुनेत्राला आत घेतलं, सासऱ्याला नमस्कार केला आणि दार लावलं. आतून कडी चढल्याचा आवाज बापूंनी ऐकला. आपण लेकीला कुठे सोडून आलो हे त्यांना नीट माहीत होतं. लाज वाटत होती, तरी पाय थांबले नाहीत.

तिथून ते तडक रिछाईला गेले. निदान नथ्थूच्या हातापाया पडावं, एवढंच आता उरलं होतं.

डावी बाजू घासून पूर्ण झाली होती. मडगार्ड उघडं पडलं होतं. बापूंना त्याकडे बघवेना. ते पालथ्या डब्यावर बसले.

"नथ्थू, तुझ्या पाया पडतो. डावीकडे जे ठिगळ निघालं, ते श्रीरंगला सांगू नको."

नथ्थूने हात पुसले आणि मडगार्डकडे पाहिलं, मग बापूंकडे.

"कोणतं ठिगळ, बापूजी? आतून-बाहेरून सारं पाहिलं मी. हे कधी फुटलंच नाही. चांगल्या रंगावर कोणीतरी उगाच रंग मारून ठेवला होता."