आस्ताची वही हरवत नाही

वही सापडली. तीही तिसऱ्यांदा.

तात्सुमीबाईंनी फोन बंद केला आणि आनंदाने टाळीच वाजवली. कोपनहेगनहून आलेल्या अकरा चित्रकला-विद्यार्थ्यांना जपान दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि पोटच्या पोरांना फिरवावं तसं त्या ते करत होत्या. "आस्ता, शेवटच्या स्टेशनवर जपून ठेवलीय तुझी वही! सीटवर होती तश्शी!" आस्ता हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय.

वहीत एकही चित्र नव्हतं. पहिल्या दिवशी तिला झोप आवरली नाही, दुसऱ्या दिवशी दुकानं आवरली नाहीत. तिसऱ्या दिवसापासून तिला वाटू लागलं, की इतक्या उशिरा काढायचं तर पहिलं चित्र निदान अप्रतिम तरी हवं. त्या धास्तीने पेन्सिल कागदाला टेकेना. दहा दिवस असेच गेले. परत गेल्यावर चाळीस चित्रं समितीपुढे ठेवायची होती. नाही ठेवली तर शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे शिक्षण बंद.

मग तिने सोपी युक्ती काढली. वही हरवायची. पण या देशात काही हरवेल तर शपथ! बागेतल्या बाकावर ठेवली, तर एक आजीबाई दोन गल्ल्या धावत आल्या आणि उशीर झाला म्हणून वर माफी मागून गेल्या. शेवयांच्या दुकानात ठेवली, तर संध्याकाळी हॉटेलवर पोचती झाली, रेशमी रुमालात बांधून, सोबत एक संत्रं. शेवटी आज सकाळी आस्ताने ती आगगाडीत ठेवली आणि वर्गासोबत आलेल्या होल्गर मास्तरांसमोर टाहो फोडला, "अडतीस चित्रं होती हो त्यात!"

होल्गर मास्तर एरवी कुणाचं कौतुक करतील तर तो दिवस लिहून ठेवावा. पण आज ते विरघळलेच. त्यांनी तिला जवळ घेतलं, चहा पाजला. "हरवलेली चित्रं म्हणजे कलावंताची खरी कमाई असते पोरी," ते म्हणाले. "समितीचं मी बघतो."

आणि एवढ्यात हा फोन.

"पोस्टाने पाठवायला सांगा की," होल्गर मास्तर म्हणाले. "उगाच सगळ्यांची दुपार कशाला घालवायची?"

"छे छे, मालकाने जाऊन सही करायची असते," तात्सुमीबाई म्हणाल्या आणि सगळ्यांना गाडीत बसवूनही मोकळ्या झाल्या.

शेवटचं स्टेशन समुद्राला लागून होतं. स्टेशनमास्तर कुवाबारा साठीला आलेले, चापूनचोपून टोपी घातलेले गृहस्थ होते. मालकाचं नाव शोधण्यासाठी वही उघडावी लागली म्हणून त्यांनी आधी वाकून क्षमा मागितली. मग दोन्ही हातांत कागद धरून ते वाचू लागले आणि तात्सुमीबाई भाषांतर करू लागल्या. "वही एक. पुठ्ठा काळा. पानं ऐंशी. चित्रं... एकही नाही."

"एकही नाही?" होल्गर मास्तर कडाडले. "अहो, अडतीस होती! कुठे गेली?"

कुवाबारांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी टोपी काढली आणि कमरेत वाकून उभेच राहिले. मग शिट्टी वाजली. तिकिटं देणारी बाई, झाडूवाले आजोबा, इंजिनाचा चालक, सगळे धावत आले. कुणी सीटखाली शिरलं, कुणी कचऱ्याचे डबे उपडे केले. चिमटे घेऊन दोघं रुळांत उतरले. तिकीटवाल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती गाडीच्या प्रत्येक डब्यातून बाहेर येऊन आस्ताची माफी मागत होती. तिसऱ्या माफीला आस्ताला स्वतःची किळस आली.

"थांबवा त्यांना!" ती ओरडली. "चित्रं नव्हतीच. मी काढलीच नाहीत. वहीसुद्धा मीच टाकली होती."

तात्सुमीबाईंनी ते सांगितलं. कुवाबारांनी दीर्घ श्वास सोडला, रुळांतल्या माणसांना वर बोलावलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. रागावले मात्र होल्गर मास्तर.

"लाज नाही वाटत? तुझ्या वयाचा असताना याच गाडीने फिरलोय मी! पान न् पान भरलं होतं वहीचं! ती हरवली तेव्हा दोन दिवस जेवलो नव्हतो. आणि तू माझ्यासमोर नाटकं करतेस? शिष्यवृत्ती विसर. समितीला मीच पत्र लिहिणार!"

आस्ताने पुढे होऊन पेन उचललं. तिने सही केली. त्या सहीखाली जबाबदार व्यक्तीची सही लागत होती. होल्गर मास्तरांनी ती रागारागात ठोकली, आपल्या नेहमीच्या लांबलचक शेपटीसकट.

कुवाबारा त्या सहीकडे बराच वेळ बघत राहिले. मग "जरा थांबा" म्हणाले आणि आतल्या कपाटाशी गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. हातात सुतळीने बांधलेलं तपकिरी पुडकं होतं.

"सत्तावीस वर्षं झाली," तात्सुमीबाई भाषांतर करू लागल्या. "ते तेव्हा नोकरीला नवेच लागले होते. या वहीवर नाव होतं, सही होती, पण पत्ता नव्हता. नियमाप्रमाणे टाकून द्यायला हवी होती, पण त्यांना वाटलं, चित्रं काढायची राहिलीत, तर हा माणूस कधीतरी परत येईलच."

होल्गर मास्तर दाराकडे सरकले. दारात बाकीचे दहा विद्यार्थी उभे होते.

कुवाबारांनी सुतळी सोडली, वही दोन्ही हातांत धरून पुढे केली आणि कमरेत वाकले.

"मोजून घ्या, म्हणतात," तात्सुमीबाईंचा आवाज बारीक झाला होता. "साठच्या साठ कोरी आहेत. आमच्याकडून एकाही पानाला डाग लागलेला नाही."