न भरणारी चीर

डॉ. शर्वाणीच्या वडिलांचे अडकित्त्याने कापलेले बोट एकेचाळीस दिवसांनंतरही उघडेच होते. पू नव्हता, सूजही नव्हती.

"अगं, माझा कॅन्सर जागच्या जागी थोपवलास, आणि एवढंसं बोट जुळेना?" अण्णा हसले. "मग सोमवारी हृदयासाठी छाती उघडून शिवणार कशी?"

"शिवतील, अण्णा. जुळणार नाही."

जखमेच्या काठावरून घेतलेल्या पेशी तिने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या जिवंत होत्या, पण हलत नव्हत्या. तिनेच घडवलेल्या औषधाने पेशी ताठ होत, म्हणून कॅन्सर पसरत नसे. औषध थांबवले, तर तो पुन्हा पसरणार होता. जखम भरायलाही काठावरच्या पेशींना सरपटत पुढे यावे लागते. औषधाने त्याही ताठ केल्या होत्या.