चिखलातली ओळख

चेंडू डबक्यात रुतून बसला होता. समोर चार पावलांवर गोल, आणि तो मोकळा. समोरच्या कडा गावच्या संघाची गोलकीपर पुढे धावत आली ती घसरून पार बाजूला जाऊन पडली होती. दोन्हीकडे शून्य. सामना संपायला दोन मिनिटं होती. धारूरची मंगल चेंडूकडे धावत सुटली.

मुलींच्या शालेय फुटबॉलची ही जिल्ह्याची अंतिम लढत, आणि परतीचा पाऊस सकाळपासून धारूरचं मैदान झोडपत होता. धारूरचे मुंजाजी सर मात्र खूश होते. आठ दिवस ते मोबाईलवर तीन ठिकाणचे हवामानाचे अंदाज बघत होते आणि ज्यात पाऊस दिसेल तोच खरा मानत होते. कड्याच्या मुलींचा खेळ म्हणजे छोटे छोटे पास, या पायातून त्या पायात. गेल्या वर्षी कोरड्या मैदानावर त्यांनी धारूरला पाच गोलांनी लोळवलं होतं.

"चिखलात पास मरतो," सर मुलींना सांगत. "तुमी फकस्त उचलून मारा अन् पळा. डोंगरातल्या पोरी तुमी, दम लई हाय तुमच्यात."

झालंही तसंच. कड्याचे पास डबक्यांत बुडायला लागले आणि धारूरच्या मुली चेंडू उंच उडवून त्यामागे धावत सुटल्या. सर काखेतली छत्री उघडायचं विसरून चिंब भिजत उभे होते आणि आभाळाकडे बघून हसत होते. मध्यंतरानंतर तर मैदानाचा पार काला झाला. कड्याचा पिवळा आणि धारूरचा निळा असा भेदच उरला नाही. सगळ्या मुली एकाच रंगाच्या दिसायला लागल्या.

मंगलने मारायला पाय उचलला, तेवढ्यात शेजारून एक मुलगी घसरत आली आणि तोंडावर डबक्यात पडली. तिला उठता येईना. नाकातोंडात चिखल गेलेला. हात नुसते पाण्यात आपटत होते.

मंगल थांबली. तिने वाकून त्या मुलीला काखेत धरून वर ओढलं, आपल्या बाहीने तिचं तोंड पुसलं, तिला काहीतरी म्हणाली. चेंडू अजून तिथंच होता. मग कड्याची दुसरी एक मुलगी मागून आली आणि तिने तो पार मैदानाबाहेर मारला. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. पेनल्टीत धारूर एका गोलाने हरलं.

उचललेली मुलगी कड्याची सायली होती.

बक्षीस समारंभाला मंगलशेजारी कुणी बसलं नाही. पाचवीपासून तिच्यासोबत खेळणारी साखरा "जिंकलो असतो गं" एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. मुंजाजी सर आता छत्री उघडून उभे होते. पाऊस थांबला होता, तरी.

स्टेजवर पाहुणे म्हणून आलेले आप्पा मात्र रंगात आले होते. गावचे पुढारी ते, माईक हातात आला की सोडत नसत. "विजयापेक्षा माणुसकी मोठी मानणारी ही आपली लेक!" असं म्हणून त्यांनी मंगलला वर बोलावलं आणि हार मागवला.

त्यांच्या बाजूला निवड समितीचे उत्तरेश्वर सर वही घेऊन बसले होते. बीडच्या निवासी शिबिरासाठी या सामन्यातून एकच मुलगी घ्यायची होती. तिची उन्हाळ्यापर्यंत राहण्याजेवणाची आणि शाळेची सोय होणार होती. दसरा झाला की मंगलचे आईबाप, भिवराबाई आणि बजरंग, ऊसतोडीला निघणार होते. मंगलने दहावीच्या वर्षी शाळेत राहायचं की त्यांच्यासोबत फडात जायचं, ते त्या वहीवर होतं.

मंगलने समोर पाहिलं. आई पदर तोंडाला लावून बसली होती. साखराची पाठ तशीच होती. मंगल माईकजवळ गेली.

"आप्पा, हार ऱ्हाऊ द्या. मला ती आमची साखरा वाटली. चिखलात काय कळतंय? कड्याची हाय हे ठावं असतं तर आदी गोल मारला असता, मग उचललं असतं."

सगळं मैदान हसायला लागलं. आप्पांच्या हातातला हार हातातच राहिला. भिवराबाईने कपाळावर हात मारून घेतला. उत्तरेश्वर सरांनी पेन खाली ठेवलं.

"हाराचं आप्पा बगतील," उत्तरेश्वर सर म्हणाले. "तुझं नाव मी मध्यंतरातच लिहिलंय. तवा पोरींची तोंडं दिसत होती."

मंगल खाली उतरली तर साखरा उठून उभी. "माझ्यासाठी गोल सोडलास व्हय, येडे?" तिने मंगलचा हात ओढून तिला आपल्या रांगेत घेतलं. चुकलेल्या माणसावर किती वेळ रागवायचं? पाच मिनिटांत सगळ्या जणी तिची टर उडवत होत्या, आणि मंगल सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

कड्याची गाडी निघायच्या बेतात होती. मुंजाजी सर निरोप द्यायला गेले. सायली शेवटी चढत होती.

"नशीब तुझं, पोरी," सर म्हणाले. "आमच्या मंगलला ओळखू आलं न्हाई, म्हणून वाचलीस."

सायली पायरीवर थांबली.

"कोण म्हणतं ओळखू आलं न्हाई? उचलताना मला म्हणली ती, 'ऊठ गं कड्याचे, डोळे पूस आदी.'"