तहानलेली वाळू

गजराबाईच्या दिराने, सगुणने, किनाऱ्यालगतच्या कलिंगडांच्या मळ्यात पाणी धरून ठेवणारी नवी बुरशी पेरली, तेव्हापासून तिथल्या वाळूतून पाण्याचा थेंब खाली झिरपत नव्हता. मळ्यापलीकडे गजराबाईने सकाळी बारीक मासळी वाळूवर सुकत घातली. एरवी दोन दिवस लागायचे. आज ती दुपारच्या आत कडकडीत वाळली.

“भावजी, तुमची बुरशी हयसर इली काय?” तिने पायाखालच्या वाळूकडे बोट दाखवत हसत विचारलं.

सगुणने कुतूहलाने एक ताजा बांगडा वाळूवर ठेवला. थोड्या वेळाने उलटून पाहिला. उन्हाकडची बाजू ओली होती, वाळूकडची सुकली होती.

“वहिनी, ही पाणी नुसता धरणा नाय, ओढून घेता!”

गजराबाईच्या हातातली टोपली पडली. होडीच्या सावलीत, त्याच उबदार वाळूवर, तिने तान्ह्या नातवाला रोजच्यासारखं उघड्या अंगाने निजवलं होतं.