नऊ पन्नासची नोंद

फ्लाइंग क्लबचं शिकाऊ विमान सकाळी नऊ वीसला उसाच्या फडात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मृण्मयी, दोघंही जागच्या जागी गेली. क्लबचं रजिस्टर मात्र शाबूत होतं.

दुपारी मृण्मयीचे वडील आले, तेव्हा व्यवस्थापक खोपकरांनी तेच लगबगीनं पुढं सरकवलं.

"बघा, आमच्याकडून काही कसूर नाही."

रजिस्टरात लिहिलं होतं, नऊ पन्नास, विमान सुखरूप उतरलं. खाली प्रशिक्षकाची सही.

"हे कसं?"

"आमचे कारकून फार शिस्तीचे हो. दिवसभराच्या नोंदी सकाळीच करून ठेवतात, सह्यासुद्धा आधीच घेतात. एवढ्या वर्षांत एक खाडाखोड नाही!"

वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे माझी मुलगी सुखरूप उतरली?"

"कागदोपत्री... हो."

वडील खुर्ची ओढून बसले.

"मग बोलवा तिला."