तेरा खाचा

"खाचा किती म्हणालात?" बाळासोनं विचारलं.

"तेरा."

"आन् त्याच्या बंदुकीला?"

"अकरा."

बाळासोचं तोंड उजळलं. खाचा कशासाठी असतात, हे त्यानं विचारलं नाही.

नानासो मेजरांनी छऱ्याची बंदूक बिजागरीतून मोडून उघडली, आत छरा नाही हे दोनदा पाहिलं आणि ओसरीवरच्या गोणपाटावर ती आडवी ठेवली. नानासो फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे. निवृत्त झाले हवालदार म्हणून. मेजर त्यांना गावानं केलं. बंदुकीच्या पाठीवर बोटभर रुंद, खाचा पाडलेली पट्टी होती. तिच्यावर दोन कड्या बसवायच्या आणि कड्यांत दुर्बीण. महिन्यापूर्वी हेच काम त्यांनी ओढ्यापलीकडं, बाळासोचा चुलतभाऊ उदयसिंह याच्या बंगल्यावर करून दिलं होतं.

तेव्हापासून उदयसिंह गच्चीवर चहा पिता पिता जांभळीला टांगलेल्या रिकाम्या तेलाच्या डब्यावर छरा मारी. टण्ण आवाज होई आणि त्याच्या स्ट्रॉबेरीतली वानरं पळत. पळत ती ओढा ओलांडून बाळासोच्या स्ट्रॉबेरीत येत. तिथं बांधावर बाळासोची बायको रंगुबाई सकाळपासून थाळी बडवत बसलेली असे. बाळासोनंही आता आपल्या आंब्याला डबा टांगला होता. उदयसिंहाच्या डब्यापेक्षा थोरला.

"वानरांचं काय न्हाई मेजर," तो म्हणाला. "पण त्यो आवाज पार मेढ्यापत्तुर जातोय."

मेजरांनी पट्टी चिंधीनं पुसली. "कडी खाचेत नीट बसली न्हाई तर चार छऱ्यांत दुर्बीण सरकती."

"चौथ्या खाचेत बसवा. त्याची तिसरीत हाय."

"खाच डोळा बघून धरायची असती रं, भाऊबंद बघून न्हाई."

बांधावरून रंगुबाईची हाक आली. "आवं, बसली का ती दुर्बीण? हात गळाय लागलं माझं!"

"बसतीया, बसतीया!"

मेजरांनी दुर्बीण कड्यांत ठेवली, वर गवंड्याची पाणसळ ठेवली आणि आठ स्क्रू आळीपाळीनं, अर्धा-अर्धा फेरा देत आवळले. मग बंदूक बाळासोच्या हातात दिली. "डोळा चार बोटं लांब ठेव. आन् नळी माणसाकडं धरायची न्हाई, मोकळी असली तरी. डबा बघ."

बाळासोनं डबा बघितला नाही. नळी हळूहळू ओढ्यापलीकडं गेली.

"गच्चीला काचंचा कठडा हाय."

"त्यो नुसत्या डोळ्यानंबी दिसतोय की."

"त्येच्यावर मोर काढलाय. त्यो दिसत नव्हता." नळी जरा खाली आली. "पाटीवर श्रीयुत लिवलंय. सोताच सोताला श्रीयुत?"

मेजरांनी एका बोटानं नळी वर केली. ती पुन्हा खाली आली.

"बशीत बिस्किटं हायत," बाळासो म्हणाला. "मलईची. चार."

त्यानं डोळा काढला. काढा प्यायल्यासारखं तोंड झालं होतं. जन्मापासून शेजारी राहून एवढं काय काय आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

"मेजर, ह्ये लय जवळ येतंय. जरा लांब करा."

मेजरांनी दुर्बिणीची चकती फिरवली. "मगाशी नऊपट होतं, आता तिनपट झालं. याच्याखाली जात न्हाई."

"म्हंजे काय बी केलं तरी त्याचं तिप्पट?"

बाळासोनं बंदूक गोणपाटावर आपटायच्या बेतात ठेवली, पुढं गेला आणि वाकून दुर्बिणीच्या मोठ्या तोंडाला डोळा लावला.

"नळीफुडं मुंडी घालतोस व्हय रं, गाढवा!" मेजरांनी त्याची कॉलर धरून मागं ओढलं.

पण बाळासो हसत होता. "मेजर, तुमी वाटाण्याएवढं दिसत हुता."

"मग?"

"उलटी बसवा."

"उलटी बसवल्यावर डबा कसा दिसंल?"

"डबा ऱ्हाऊ द्या. बंदूक माझी, दुर्बीण माझी. तुमी उलटी बसवा."

मेजरांनी त्याच्याकडं बघितलं, ओढ्यापलीकडच्या बंगल्याकडं बघितलं आणि आठही स्क्रू सोडले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं काम केलं नव्हतं. दुर्बीण फिरवून त्यांनी पुन्हा पाणसळ ठेवली. उलटी दुर्बीणसुद्धा सरळच बसली पाहिजे, एवढी शिस्त हातात उरली होती.

बाळासोनं डोळा लावला. बंगला काडेपेटीएवढा झाला होता. उदयसिंह काडीच्या गुलाएवढा. मोर नव्हता, श्रीयुत नव्हतं.

"बशीत कायबी न्हाई," तो म्हणाला आणि महिन्यात पहिल्यांदाच त्यानं पाठ भिंतीला टेकली. "आता बसली, मेजर."

पलीकडं टण्ण आवाज झाला. जांभळ हलली. दहा-बारा वानरं ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत अलीकडं आली आणि लाल वाफ्यांत उतरली. एक थोराड हुप्प्या रंगुबाईच्या समोरच बसला. थाळी बडवून त्याच्यावर काही परिणाम होईना.

"आवं, आली! डब्यावर मारा की!"

बाळासोनं नळी सावकाश शेताकडं वळवली. वानरं मुंगळ्याएवढी दिसत होती.

"कशाला वरडतीस?" तो बसल्या जागेवरनं म्हणाला. "एवढुशी तर हायत. खाऊन खाऊन खातील किती?"